पाणी पाजून मारलेली गोकर्णी

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नव्वदच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात, बदलापुरात माणसांना प्यायला पाणी मिळत नव्हतं तेव्हा, मी एका वेलीला पाणी पाजून पाजून मारलं.

बायकोलाही सांगितलेलं नाही. (वेल का मेली हे सांगायचं तर सुजाताचं सांगावं लागलं असतं. आणि सुजाताचं सांगायचं म्हणजे... असो. आज सगळंच सांगायला बसलोय.)

वेल आईची होती. पांढरी गोकर्णी. कुळी वाला-पावट्याची, शेंगाही तशाच चपट्या, पण खायच्या नाहीत. ही फक्त फुलायला जन्माला आलेली. आईनं तिचं बी माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. पुढे माहेरचं घर मामानं विकलं, तेव्हा आईच्या वाट्याला एक पितळी डबा आणि ही वेल एवढंच उरलं. आमच्या बैठ्या ओळीतल्या घरापुढे दीड हात जागा, तिला जुन्या पत्र्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणावर ही बया पसरलेली. आई तिला 'ही बाई' म्हणायची. "ही बाई उपाशी राहून फुलते रे. हिला लाड सोसत नाहीत."

आईची दैवतं दोन. सोमवारी महादेव आणि रोज चहा. महादेवाला श्रावणात पांढरी गोकर्णी लागायची आणि आईला बारा महिने आल्याचा चहा. सकाळी पहिला कप ती उभ्यानं प्यायची, ओट्याला टेकून, डोळे मिटून. त्या वेळी तिच्याशी बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. बाबा केमिकलच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होते, साठ माणसांवर ओरडायचे. पण आईच्या पहिल्या कपाच्या वेळी तेसुद्धा चपला हातात घेऊन चालायचे!

त्या एप्रिलमध्ये मावशीच्या मुलीच्या बाळंतपणासाठी आई महिनाभर पुण्याला गेली. जाताना मला वेलीपुढे उभं केलं.

"सुध्या, आठवड्यातून एकदा तांब्याभर. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"आठवड्यातून एकदा तांब्याभर."

"जास्त नाही."

"अगं, पाणी आहे कुठं जास्त घालायला?"

हे मी अगदी खरं बोललो होतो. आमच्या ओळीला नळ एक, सार्वजनिक, आणि तो यायचा संध्याकाळी, पाऊण तास. त्या पाऊण तासात बायका, हंडे, बादल्या, भांडणं. आणि सुजाता.

सुजाता शेजारच्या खोलीत राहायची. अंबरनाथच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायची आणि शाळेतून आली की साडीचा पदर खोचून थेट नळावर. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. पहिली पाळी करून चार वाजता घरी. चार ते साडेपाच मी काय करायचो ते विचारू नका. साडेपाचला मी वेलीपुढे असायचो. तांब्या घेऊन.

कारण नळ आमच्या कुंपणासमोर होता! नुसतं दारात उभं राहून पोरीकडे बघणारा माणूस ओळीत मवाली ठरतो. पण झाडाला पाणी घालणारा माणूस? सालस. गुणी. शिवाय एक गोष्ट मी फार मनाला लावून घेतली होती. आमच्या ओळीत मला सगळ्या मुली 'सुधीरदादा' म्हणायच्या. सुजाता कधीच दादा म्हणाली नाही. "अहो, तुमची बादली सरकवा," एवढंच. त्या 'अहो'वर मी दोन-दोन दिवस जगायचो.

आता, एक तांब्या ओतायला वेळ किती लागतो? दहा सेकंद. सुजाताचे दोन हंडे भरायला? बारा मिनिटं. तुम्हीच गणित करा. मी धार बारीक केली. मग दुसरा तांब्या आणला. मग बादलीच आणली. आई जाऊन आठवडा झाला तेव्हा मी रोज संध्याकाळी एक बादली आणि सकाळी ती शाळेला निघताना अर्धी, असा सालसपणा करत होतो.

घरात बाबा हैराण. "सुध्या, ड्रमाला भोक आहे का रे?"

"नसावं."

"मग पाणी जातं कुठं?"

"उन्हानं उडत असेल."

बाबा शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी ड्रमावर झाकण, झाकणावर पोतं आणि पोत्यावर पाटा ठेवला. पाणी तरीही उडत राहिलं! शेवटी त्यांनी रविवारी ड्रमाला बाहेरून सिमेंट लावलं आणि आम्ही दोघं एका बादलीत आंघोळ उरकायला लागलो. आधी ते, मग उरलेल्यात मी. प्रेमासाठी लोकांनी काय काय सोसलंय. मी वडिलांच्या साबणाच्या पाण्यानं आंघोळ सोसली.

तिसऱ्या आठवड्यात वेल पिवळी पडली.

मला वाटलं, तहानलीय. मी दोन बादल्या केल्या.

आणि त्या संध्याकाळी तो प्रसंग घडला. सुजाता हंडा नळाखाली लावून माझ्याकडे वळली. स्वतःहून! माझ्याकडे बघून, सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "अहो, गोकर्णीला एवढं पाणी नसतं घालायचं. मुळं कुजतात."

शहाण्या माणसाला यात बागकामाचा सल्ला ऐकू आला असता. मला ऐकू आलं की ती माझ्या बादल्या मोजते! म्हणजे ती बघते! दुसऱ्या दिवशी मी तीन घातल्या.

आई यायला चार दिवस असताना मी वेलीला सहज हात लावला आणि ती मुळासकट माझ्या हातात आली. मुळं काळी, बुळबुळीत. वास असा की शेजारच्या मांजरीनं कुंपण बदललं. ज्या बाईनं माहेर गेल्यावर, दुष्काळात, पत्र्याच्या तापात जीव धरला होता, तिला मी तीन आठवड्यांत लाडानं मारलं होतं.

मी सायकल काढली आणि कुळगावच्या जुन्या वस्तीत घुसलो. एका घराच्या कुडावर गोकर्णी दिसली. हिरवीगार, पण उन्हाळ्यामुळे फूल एकही नाही. दारात एक आजीबाई मासळी वाळत घालत होत्या.

"आजी, ही वेल पांढरी आहे ना?"

"हाय की."

"नक्की पांढरी? निळी नाही ना?"

आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला पांढरी पायजे का?"

"हो."

"मंग पांढरीच हाय."

(आज वाटतं, त्या बाईंनी दुकान घातलं असतं तर फार पुढे गेल्या असत्या.) कडेचं एक कोवळं रोप मातीच्या ढेकळासकट त्यांनी मला काढून दिलं. मी ते आईच्या जागेवर लावलं, वर जुन्या सुकलेल्या फांद्या नेमक्या आडव्या टाकल्या आणि देवाचं नाव घेतलं.

आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी वेलीपाशी गेली.

"एवढीशी कशी झाली रे?"

"छाटली मी. उन्हानं वर सुकत होती ना, म्हणून."

आई खाली बसली, रोपाला दोन बोटं लावली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की तिथेच जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. "मी जन्मात छाटली नसती. माझा धीर नसता झाला. चांगलं केलंस हो."

तेव्हा सांगायला हवं होतं. चहा झाल्यावर सांगू म्हटलं. चहा झाला. मग जेवणानंतर म्हटलं.

श्रावणातला पहिला सोमवार. सकाळी आई परडी घेऊन बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. मी बघायला गेलो. कुंपणावर एक फूल उमललं होतं. निळं! असं निळं, की शाईच्या कारखान्याला लाज वाटावी.

"पांढऱ्याची निळी झाली," आई हळूच म्हणाली.

बाबा बनियनवर बाहेर आले. "मातीचा परिणाम असेल गं. हवेत पण हल्ली काय काय असतं. म्हणजे आमच्या कारखान्यातलं नाही हं! बाकीच्यांचं."

"हवेचा नाही. माझा परिणाम आहे." आई पायरीवर बसली. "पुण्याला इस्पितळात होते ना, त्या सोमवारी पूजा नाही केली. पारोशानं चहा प्यायले. चांगला दोन वेळा प्यायले. दिसलं ना त्याला."

आणि मग माझ्या आईनं, जिच्या पहिल्या कपापुढे साठ माणसांचा साहेब अनवाणी चालायचा तिनं, महादेवापुढे हात जोडून सांगितलं की या वेलीला पुन्हा पांढरं फूल येईपर्यंत चहा सोडला.

आमच्याकडे वस्तू सोडायची पद्धत आहे. काशीला जाऊन कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. माझ्या एका काकांनी कारलं सोडलं होतं आणि आयुष्यभर त्याबद्दल मान मिळवला. पण चहा!

मी त्याच दिवशी बाजारातून पांढऱ्या गोकर्णीच्या फुलांची पुडी आणली. आईनं ती हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "दुसऱ्याच्या वेलीचं कसं चालेल? दोष या वेलीला लागलाय. हिलाच यायला हवं."

बघा माझी अवस्था. ती वेल मरेपर्यंत पांढरी होणार नव्हती आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर आईला संध्याकाळी चहा मिळाला असता. पण त्या वाक्यानंतर आईनं विचारलं असतं, "एवढं पाणी का घातलंस?" आणि भिंतीपलीकडे सुजाताच्या घरात आमच्याकडची फोडणीसुद्धा ऐकू जायची.

म्हणून मी दुसरा, सोपा उपाय शोधला. उल्हासनगर!

कॅम्प तीनमध्ये माझा शाळेतला दोस्त पक्या जीन्स धुण्याच्या कारखान्यात होता. निळ्याचं पांढरं करणं हाच त्यांचा धंदा. मी रुमालात पाच फुलं बांधून रिक्षानं गेलो.

"पक्या, निळं पांढरं करायचंय."

"किती पीस?"

"पाच."

"पाच पीस कोण धुतं रे येड्या? बरं दाखव, साइज काय?"

मी रुमाल उघडला. पक्या बघत राहिला. तेवढ्यात त्याचे सिंधी शेठ आले.

"साईं, पैंट किधर है?"

"पैंट नहीं शेठ, फूल है."

"ये माल हम नहीं करता." मग त्यांनी वाकून बघितलं. "पूजा का है?"

"हां. मां के लिए."

शेठ विचारात पडले. "भगवान ने नीला बनाया, तू सफेद करेगा?" पण धंद्याचा अभिमान मोठा असतो. बाह्या सरसावल्याच त्यांनी. "चल पकिया, ब्लीच हलका रखना. नाजुक माल है."

कारखान्याचे चार कारागीर काम सोडून गोळा झाले. फूल बादलीत गेलं. आधी हिरवं झालं. मग पिवळं. मग त्याचा एक रंग झाला आणि तिथेच थांबला. मी तो रंग ओळखला. बिनदुधाच्या चहाचा!

शेठनी ते लांब धरून बघितलं. "शेड अच्छा है," ते म्हणाले. "पैंट में चलेगा."

निघताना पक्यानं कानात सांगितलं, "लिंबू मार. खटाईनं भले भले डाग जातात." मी शाई भरायचा ड्रॉपर घेतला आणि पुढच्या सोमवारी सकाळी, आई आंघोळीला गेल्यावर, उमललेल्या फुलावर वेलीवरच लिंबाचा रस सोडला. पाकळी थरथरली. निळा रंग हलायला लागला! निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा गुलाबी झाला आणि मागून परडी पडल्याचा आवाज आला.

"अगं बाई! आता गुलाबी!"

मी ड्रॉपर बनियनमध्ये टाकला. लिंबू पोटावरून खाली ओघळत होतं.

"एकटीनं सोडून भागत नाहीये," आई म्हणाली. "घरालाच दोष आहे." आणि तिनं चहाचं पातेलं, गाळणं आणि किटली माळ्यावर टाकली.

बाबांचं त्या आठवड्यात वजन उतरलं. ते कारखान्यात माणसांवर ओरडेनासे झाले. माणसं घाबरली, त्यांना वाटलं, साहेबांना काहीतरी मोठा आजार आहे.

तिसऱ्या संध्याकाळी कुंपणावरून एक कप आला. मागे सुजाता.

"काकांना द्या. आईनं पाठवलाय." मग खालच्या आवाजात, "आणि हा दुसरा तुमच्यासाठी. मी केलाय."

मी कप धरला. ती वेलीकडे बघत होती.

"ही ती वेल नाही ना?"

मी कपात बघितलं.

"मला माहितीये. ती कुजली होती. तुम्ही कचऱ्यात टाकताना बघितलं मी. सांगून टाका ना काकूंना. किती झुरतात त्या. परवा आमच्या दारात उभ्या होत्या, आतून चहाचा वास येत होता म्हणून. मी या म्हटलं, तर नको नको म्हणत निघून गेल्या."

"काय सांगू? ती विचारेल, पाणी का घातलंस."

"हो. विचारतील." तिनं पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. "का घातलंत?"

नळाला पाणी नव्हतं. ओळीत कुणी नव्हतं. असा निवांतपणा बदलापुरात त्याआधी आणि त्यानंतर मला कधी मिळाला नाही. सबंध उन्हाळा मी या एका प्रश्नासाठी पाणी ओतलं होतं. आणि मी, सव्वीस वर्षांचा कमावता पुरुष, चहाचा घोट घेऊन म्हणालो,

"साधारण किती घालावं लागतं?"

सुजाता जराशी हसली. "आठवड्यातून तांब्याभर," ती म्हणाली. "सुधीरदादा."

त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती, आमच्या घरात महादेव. लोक काय म्हणतील, हे कारण मी पुढे कैक वर्षं स्वतःला ऐकवलं. खरं म्हणजे मी लोकांना काही म्हणायची संधीच दिली नाही. त्यांच्या आधी मीच गप्प बसलो. पुढल्या वैशाखात तिचं लग्न झालं, नाशिकला गेली. मांडवात पाण्याची व्यवस्था माझ्याकडे होती.

आता मी शेवटचा डाव टाकला. ही निळी मेली, तर नवस आपोआप सुटेल! मी तिला पाणी तोडलं. थेंब नाही. दिवाळी गेली, होळी गेली, पत्रे तापून लाल व्हायची वेळ आली. आणि ती बाई फुलली! कुंपण झाकलं, खिडकी झाकली, कपडे वाळवायच्या तारेवरून चालत गेली आणि निळ्या फुलांनी लगडून थेट सुजाताच्या बंद दारावर जाऊन पसरली. मला जे जमलं नाही ते तिनं बिनपाण्यानं केलं.

"बघ," आई कौतुकानं म्हणाली, "उपाशी राहून फुलते."

बाबांनी रदबदली करून घरचा चहा सोडवून घेतला. आईचा सुटला नाही. ती आमच्यासाठी चहा करायची, आलं ठेचून, पूर्वीसारखाच. उकळी आली की मात्र गॅस लगेच बारीक करायची नाही. पातेल्यावर जराशी वाकून उभी राहायची, डोळे मिटून. मग स्वतःला कपभर गरम पाणी घ्यायची आणि तेही बशीत ओतून फुंकून प्यायची.

पुढे ती ओळ पाडली, तिथे इमारत आली. वेल होती तिथे आता स्कूटर लावतात. वेल गेली की नवस सुटेल हा माझा हिशेब आईला मान्य नव्हता; त्या वेलीला पांढरं फूल यायची शक्यता उरली नाही, म्हणजे नवस सुटायचीही. बाबा गेले. आई आता माझ्याजवळ असते, कुळगावात, तिसऱ्या मजल्यावर. तिला बारीक अक्षर दिसेनासं झालंय. (म्हणूनच तर इतक्या धिटाईनं लिहितोय!)

वाक्य काही मोठं नाही. पाच शब्दांचं आहे: आई, वेल मी मारली होती. मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि सुरुवात करतो.

"आई..."

"काय रे? चहा टाकू तुला?"

"टाक," मी म्हणतो.

उरलेले चार शब्द मी तिचं देणं लागतो.